धाकटीचे घरचे दोन दिवस

मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात ती आया होती. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे. अगदी तिची सख्खी धाकटी बहीणसुद्धा. कारण धाकटी त्याच वॉर्डात पेशंट होती आणि ड्युटीवर नातं दाखवायचं नाही, हा तिथला दंडक. बहिणीजवळ राहता यावं म्हणून जिने ही नोकरी धरली, तिच्या कानावर वर्षानुवर्षं ‘ताई’ अशी हाक पडली नव्हती. त्या हाकेसाठी तिचा जीव तुटायचा.

मग इथल्या प्रांताचा समुद्रापलीकडच्या एका प्रांताशी करार झाला. इथले काही जण तिकडे गेले, आजारी माणसाला घरचे कसे सांभाळून घेतात ते शिकवायला. आणि तिकडून एक नर्स इथे आली, कुलपं कमी कशी करायची ते शिकवायला. साहेबलोकांनी फोटोबिटो काढून घेतले. मावशीने मनात म्हटलं, चला, आणखी एक पाहुणी, आणखी चहाचे कप विसळा. पण ही बाई चिवट निघाली. दुभाष्याला हाताशी धरून तिने एकेकीच्या घरच्यांचा माग काढला आणि शेवटी मावशीला गाठलं.

“दोन दिवस घरी नेऊन बघा. जमलं तर कायमचं. मी येऊन-जाऊन असेन.”

मावशीला आकाश ठेंगणं झालं. तिने खोली घासूनपुसून लख्ख केली. धाकटी आली, भिंतींवरून हात फिरवत हिंडली, मग मावशीकडे टक लावून म्हणाली, “ताई, म्हातारी झालीस की गं!”

“तू काय मोठी तरुण लागून गेलीस?” मावशी हसता हसता रडली.

संध्याकाळी बघते तर दूध संपलेलं. “आलेच हं,” म्हणत ती निघाली. दुकानात पिशवी हातात घेतली आणि तिला एकदम आठवलं. वॉर्डातून बाहेर पडताना हात आपोआप कडीकडे जायचा, तसाच तो आज घराच्या दाराकडेही गेला होता. तिने बाहेरून कडी घातली होती! धावतपळत परत येऊन तिने दार उघडलं.

धाकटी कॉटच्या कडेला, पाठ ताठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती; वॉर्डात मोजणीला बसवतात तशी. ती रडली नव्हती की ओरडली नव्हती. मावशीला तेच जास्त लागलं.

“मावशी,” तिने दबक्या आवाजात विचारलं, “ताई न्यायला येणार होती मला. आली नाही का?”

मीच ती, असं सांगायला मावशीची जीभ उचलेना.

“येतेय गं. वाटेतच आहे,” ती म्हणाली आणि दार सताड उघडं टाकून बहिणीशेजारी जाऊन बसली.