परकारभाईंचा बर्फ

परकारभाईंनी माकडटोपी घातली की आम्ही समजायचो, जॉर्जियात बर्फ पडणार. बाहेर गल्फमधल्या देऱ्यातला नोव्हेंबर, खाडीवर गलबतांत फ्रिज आणि टायर चढवणारे लोक घामाने निथळताहेत, आणि आत आमचे हवामानतज्ज्ञ एसी सोळावर आणून, मरून रंगाची टोपी हनुवटीपर्यंत ओढून स्क्रीनसमोर बसलेले. अकाउंट्समधल्या मुली शाली घेऊन काम करायच्या. मी एकदा रिमोट उचलला, तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "केळकर मॅडम, बर्फाचा अंदाज चोवीस डिग्रीत बसून द्यायचा नसतो. तो बर्फाचा अपमान आहे."

आमची कंपनी छोटी, हवामानाचे अंदाज विकणारी. आमची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक क्रेनवाले आणि बार्जवाले. त्यांना धूळ, धुकं आणि लाटा एवढंच हवं असतं. पण मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात ओळख काढून जॉर्जियातलं एक स्की रिसॉर्ट पटकावलं आणि ते काम इक्बाल परकार यांच्या टेबलावर येऊन पडलं. परकारभाई रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. फिजिक्समध्ये एमएस्सी केलेले, उमेदीची सगळी वर्षं गल्फमध्ये घालवलेले, आणि बर्फ आयुष्यात फक्त मासळीवर पाहिलेले.

याची त्यांना जराही लाज नव्हती. उलट तेच आपलं भांडवल आहे, असं ते छातीठोकपणे सांगायचे. "काळ्या समुद्रावरून ओला वारा उठतो, डोंगरावर आपटतो, वर चढतो आणि तिथे सगळं ओझं टाकून देतो. आता सांगा, हे आमच्या कोकणापेक्षा वेगळं काय? फक्त फ्रिजरचं दार उघडं ठेवायचं."

बर्फाचे त्यांनी दोनच प्रकार मानले होते. भुरभुरीत, कोरडा, स्कीसाठी उत्तम तो पापलेटचा बर्फ. ओला, ढेकळांचा, पाय रुतवणारा तो बांगड्याचा. रिसॉर्टचा मॅनेजर लेवान हा दाढीवाला, गंभीर जॉर्जियन माणूस. पहिल्या हिवाळ्यात तो गोंधळायचा. दुसऱ्या हिवाळ्यात स्वतःच फोनवर विचारू लागला, "मिस्टर परकार, टुमारो पापलेट ऑर बांगडा?" गिऱ्हाइकांशी बोलणं-चालणं सांभाळायचं काम माझं. त्यामुळे अधिकृत अहवालात या शब्दांच्या जागी शास्त्रीय शब्द घालणं हे माझ्या रोजच्या कामांच्या यादीत होतं. लेवानने उलट टपाली कळवलं, की शास्त्रीय शब्द त्याच्या माणसांना समजत नाहीत, कृपया मासेच पाठवावेत.

परकारभाई एका गोष्टीत मात्र अजिबात विनोद खपवून घेत नसत. दिलेला अंदाज कोणासाठीही बदलायचा नाही. एकदा मालक स्वतः येऊन म्हणाले, "परकार, त्यांचं सुट्टीचं बुकिंग आहे, वाऱ्याचं जरा सौम्य लिहा ना." परकारभाईंनी टोपी वर सरकवून कान मोकळे केले आणि म्हणाले, "साहेब, मी वाऱ्याला फोन करून विचारतो. तो सौम्य व्हायला तयार असेल तर लिहितो, इन्शाल्ला." मालक "खलास", म्हणजे विषय संपला, म्हणून निघून गेले.

या बाण्याची खरी परीक्षा झाली ती त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात. महिनाअखेर ते निवृत्त होणार, व्हिसा रद्द, सामान बांधून कायमचं रत्नागिरीला. त्यांच्या बायकोचं, झुबेदाभाभींचं, गल्फमधून एकच मागणं उरलं होतं.

"इतकी वर्सं रोज जेवताना बरफाच्या गोष्टी ऐकल्या," त्या शारजाच्या घरी आम्हाला सांदण वाढताना म्हणाल्या. "आता मना तो एकदा डोळ्यांनी बगायचाय. गावाला गेल्यावर कोण दाखवणार? तिकडे हे आणि मी, आणि नारळ."

झालं, सहल ठरली. परकार नवरा-बायको, आम्ही तिघं, आणि ऑफिसातली आणखी दोन मराठी कुटुंबं. आयोजनाचं काम अर्थात माझ्याकडे. शुक्रवारी नमाजानंतर बाजारात जाऊन भाभींनी गुडघ्यापर्यंतचा जांभळा कोट घेतला. "एकशेवीस दिरहॅम," त्या मला म्हणाल्या, "म्हणजे आपले जवळजवळ तीन हजार! एका दिवसाच्या बरफाला!" पण कोट घरी घालून आरशापुढे उभ्या राहिल्या होत्या, हे मला परकारभाईंनीच नंतर सांगितलं.

तिकिटं, हॉटेल, बस, सगळं पक्कं झालं. डोंगरावर जायला एकच दिवस ठेवला होता, गुरुवार. सोमवारी सकाळी मी ऑफिसात आले तर एसी सोळावर आणि टोपी हनुवटीपर्यंत.

"गुरुवारी वर जाता येणार नाही," परकारभाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "मोठं वादळ आहे. दुपारपासून. मी लेवानला कळवलं, दुपारी बारा वाजता रस्ता बंद कर."

"भाभींना सांगितलंत?"

"लेवानला आधी सांगणं भाग होतं," ते म्हणाले. हा माणूस घाबरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

तरी आम्ही गेलो. पैसे भरलेले होते, आणि प्रत्येकाला मनातून वाटत होतं, की यांचा अंदाज एकदा तरी चुकेल. भाभींना तर खात्रीच होती. गुरुवारी पहाटेच निघालो, म्हणजे बाराच्या आत वर पोचून, बर्फाला हात लावून, फोटो काढून खाली येता येईल. डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यावर आडवा दांडा असतो, तिथे बस पोचली तेव्हा दांडा वर होता, आकाश निळंशार होतं आणि असं लख्ख ऊन होतं, की ड्रायव्हरने गॉगल लावला.

"काय परकारभाई," माझा नवरा मिलिंद मागून ओरडला, "वादळ कुठल्या बसने येतंय?"

"मॉम, देअर इज नो स्टॉर्म," माझा मुलगा म्हणाला. "अंकल्स ॲप इज ब्रोकन."

"अवो, बगा जरा बाहेर," भाभी जांभळ्या कोटात घामाघूम होत म्हणाल्या. "असलं ऊन रत्नागिरीला मे महिन्यात पडतं."

 परकारभाई मोबाइलवर डोंगरमाथ्यावरच्या यंत्राचे वाऱ्याचे आकडे पाहत होते. मग त्यांनी हात वर करून बस थांबवायला लावली, खाली उतरले आणि फोन लावला. आम्ही खिडक्या उघडून ऐकायला लागलो.

"लेवान? परकार. येस, ॲट द बॅरियर. विथ फॅमिली." भाभींनी माझा हात दाबला. "लिसन. द विंड हॅज टर्न्ड अर्ली. डोन्ट वेट फॉर ट्वेल्व्ह. क्लोज इट नाऊ."

दोन मिनिटांत आमच्या नाकासमोर दांडा खाली आला.

त्यानंतर बसमध्ये जे झालं, त्याला दंगलच म्हणायला हवं. मिलिंद म्हणाला, "अहो, आपली बस गेल्यावर बंद करायला सांगायचं ना!" कोणीतरी म्हणालं, अशाने माणूस देशाचा पंतप्रधान होतो, नाहीतर घटस्फोट होतो. मागून कोणाच्या तरी मुलाने रडायला सुरुवात केली. परकारभाई आपल्या जागेवर बसून म्हणाले, "आपली बस वर गेली असती, पण खाली आली नसती." भाभी खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्या एकच वाक्य बोलल्या, तेही माझ्याशी: "केळकरबाई, यांना सांगा, माझ्याशी बोलू नका म्हणावं."

खालच्या गावातल्या हॉटेलात आम्ही जेवायला बसलो, तोवर डोंगर दिसेनासा झाला होता. गावात नुसता पाऊस. संध्याकाळी लेवानने व्हिडिओ पाठवला: पांढऱ्या वाऱ्याशिवाय त्यात काही दिसत नव्हतं, आणि मध्येच एक खुर्ची उडत गेली. खाली लिहिलं होतं, की रस्त्यावर मधल्या वळणावर बर्फाचा कडा कोसळला, आणि रस्त्यात एकही गाडी नव्हती.  मिलिंद उठून परकारभाईंच्या ताटात स्वतःच्या वाट्याचा चीजचा पाव ठेवून आला. भाभींनीही व्हिडिओ पाहिला, दोनदा पाहिला. मग फोन माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "वाचवलंन् सगळ्यांना, अल्लाचं करम. पण बरफ काय मी असा फोनवर बगू?"

शुक्रवारी रस्ता साफ करण्यासाठी दिवसभर बंदच राहणार होता आणि शनिवारी सकाळी आमचं विमान. शुक्रवारी सकाळी मी सहलीच्या यादीतल्या 'बर्फ' या शब्दावर काट मारायला पेन काढलं, तोच बाहेर हॉर्न वाजला. हॉटेलच्या अंगणात एक भलामोठा टिपर उलटा शिरत होता. त्याच्या केबिनमधून लेवान उतरला. त्याने छातीवर हात ठेवून झुबेदाभाभींना वाकून नमस्कार केला, ड्रायव्हरला खूण केली, आणि टिपरने मागचा हौदा वर करून रस्त्यावरून खरवडलेला अख्खा डोंगर अंगणात ओतला.

"फॉर मिसेस परकार," लेवान म्हणाला. "युवर हजबंड क्लोज्ड माय रोड ऑन हिज ओन वाइफ. सच मॅन, आय नेव्हर सॉ."

भाभींनी आधी एक बोट लावून पाहिलं. मग पूर्ण पंजा. मग जांभळा कोट सावरून त्या सरळ ढिगाऱ्यावर चढल्या आणि वरून पहिला गोळा फेकला, तो नेमका परकारभाईंच्या माकडटोपीवर बसला. पुढचा तासभर आम्ही सगळे, मिलिंदपासून टिपरच्या ड्रायव्हरपर्यंत, शाळेला सुट्टी लागल्यासारखे वागलो. परकारभाई टोपी झटकून एका कडेला उभे होते. त्यांनी मूठभर बर्फ हातात घेतला, दाबला, आकाशाकडे पाहिलं, वाऱ्याकडे गाल केला, आणि व्यावसायिक गांभीर्याने जाहीर केलं, "खेळून घ्या लवकर. संध्याकाळपर्यंत हा सगळा वितळणार."

शनिवारी सकाळी आम्ही बॅगा घेऊन बाहेर आलो, तर ढिगारा होता तिथेच होता. रात्रीच्या थंडीने उलट दगडासारखा घट्ट झालेला, उन्हात चकाकत असलेला, माझ्या मुलाच्या डोक्यापेक्षा उंच. झुबेदाभाभी त्याच्याजवळ गेल्या, नातवाच्या गालावर थोपटावं तसं त्याला थोपटलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा थेट नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अवो परकार, वितळला का?"

परकारभाईंनी ढिगाऱ्याभोवती एक सावकाश फेरी मारली.

"आतून वितळतोय," ते म्हणाले. "बाहेरून दिसत नाही."