आधी गाव वाचा

"ताई, आधी गाव वाचा." बाटली हातात दिली की दादांचं हे पहिलं वाक्य. मग स्वतःच ती फिरवून मागच्या बारीक अक्षरांवर जाडजूड बोट ठेवायचे. वाइन कुठल्या गावच्या द्राक्षांची, हे कळल्याशिवाय बूच काढायचं नाही, असा त्यांचा दंडकच होता.

माणसांनाही तेच. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये पहिल्याच भेटीत विचारलं, "गाव कुठलं?" मी पुणे म्हटलं. "ते झालं शहर. गाव?" घ्या! मला रागच आला, पण आजोळचं नाव सांगून मोकळी झाले. स्वतः मात्र "आम्ही तासगावकडचे" एवढंच म्हणाले आणि दहावा मजला आला.

पुढे मी त्यांना दादा म्हणू लागले. तुआसला वाइनच्या थंड गोदामात ते सुपरवायझर होते. सिंगापुरात काखेत स्वेटर मारून कामाला जाणारा दुसरा माणूस तुम्ही पाहिला असलात तर सांगा. आणि गंमत म्हणजे, हजारो बाटल्या सांभाळणारे दादा थेंबभरही घेत नसत. घरी वडील माळकरी. दादा नुसता वास घेत. प्यायचं काम माझ्याकडे.

त्यांचा जीव एकाच वाइनवर. सिसिली बेटावरची, तिथल्याच मूळच्या काळ्या द्राक्षांची, सेंद्रिय. पहिली बाटली दिली तेव्हा मी ती सरळ फ्रीझरमध्ये टाकली. "अहो ताई, वाइन आहे ती, बर्फाचा गोळा नव्हे!" म्हणत दादा धावले. मग पेला नाकाशी धरून म्हणाले, "बघा, उन्हात तापलेल्या मातीचा वास. औषधाचा वास येतोय कुठं?"

औषध म्हणजे फवारणीचं. त्यांचे वडील चाळीस वर्षं पाठीवर पंप घेऊन द्राक्षबाग फवारत आले होते. दादा रोज संध्याकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहा घेऊन घरी फोन लावत. "आधी खोकला येतो, मग वडील येतात," असं हसत सांगायचे. मला काही हसू यायचं नाही. निदान अर्धा एकर बिनऔषधाचा करा, तो पंप खाली ठेवा, म्हणून दादा दरवर्षी वडिलांना गळ घालायचे. उत्तर ठरलेलं. "बिनऔषधाचं द्राक्ष येतंय व्हय? खुळा का काय तू!"

शेवटी दादांनी ती बाटलीच गावाला नेली. माळकऱ्याच्या घरात वाइन! उंबरा ओलांडायची हिंमत होईना, म्हणून थेट बागेत, मांडवाखाली उघडली. वडिलांनी पेला हातात घेतला, ओठांना लावला नाही. नुसता वास घेतला, बराच वेळ. मग विचारलं, "कुठल्या गावची म्हणायची ही?" बस्स. पंप पाठीवर चढवला आणि चालू लागले.

"हरलो ताई मी," परत आल्यावर दादा म्हणाले.

सहा महिन्यांनी, फळछाटणीच्या दिवसांत, गावाहून फोन आला. आधी खोकला, मग वडील. "रस्त्याकडंच्या अर्ध्या एकराला औषध बंद केलंय. ये, तुझं तू बघ." दादा माझ्या दारात उभे राहून हमसून हमसून रडले. महिन्याभरात नोकरी, वर्क पास, फ्लॅट, सगळं सोडून निघाले. जाताना सिसिलीची एक बाटली माझ्या हातात ठेवली. "बाग बघायला या. नवा नंबर कळवतोच."

"येणार म्हणजे काय, येणारच!" मी म्हटलं.

वर्ष झालं. त्यांचा इथला नंबर बंद आहे, नवा काही आला नाही. बागेच्या कामात माणूस विसरला असेल, दुसरं काय. पण लिफ्टमध्ये शिरले की मला अजून त्या स्वेटरची आठवण येते, फार येते. अर्धा एकर टिकला का? खोकला थांबला का? कुणाला विचारू?

काल ती बाटली उघडायला घेतली. सवयीने फिरवली, बोट ठेवलं आणि सिसिलीतल्या त्या गावाचं नाव मोठ्याने वाचलं. ते मला आता तोंडपाठ आहे.

दादांचं गाव मात्र मी कधी विचारलंच नाही. बूच न काढता बाटली जागेवर ठेवून दिली.