गेममधला पाऊस आणि तांडेल मामा

मामीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कंट्रोलर होता. रविवारची सकाळ होती आणि मी एका किल्ल्याच्या दारात चौथ्यांदा मरत होते. "तुझे मामा गेले गो बाय," एवढंच मामी म्हणाली. मी खेळ बंद केला आणि निघायला पिशवी भरली. त्याला आता पाच आठवडे होतील. खेळून संपवलेल्या गेमबद्दल मी या पुरवणीत अधूनमधून लिहिते, हे वाचकांना ठाऊक आहे. या महिन्यातही दोन संपवले. पण लिहायला बसलं की मामाचा प्रश्न कानात येतो, "मग तू तिथं थांबलीस काय?" आणि पेन अडतं. म्हणून आज मामाबद्दलच लिहिते.

मामा हर्णेचा तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख. उभा जन्म होडीवर गेला, हाताखाली खलाशांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. मग गुडघे गेले, पाठोपाठ हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी दर्या बंद केला. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसणं एवढंच काम उरलं, तेव्हा मी माझं जुनं गेमचं यंत्र रत्नागिरीहून नेऊन त्याच्या टीव्हीला जोडलं. "म्हातारपणी हे आणि काय थेर!" मामी म्हणाली. पहिला गेम गाड्यांच्या शर्यतीचा होता. मामाने घाटाच्या वळणावर गाडी उभीच केली. बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या आणि मी ओरडले, "मामा, शर्यत आहे!" "जाऊं दे त्यांना," तो म्हणाला. "खाली बघ, काय दरी केलीन गो!"

मी तो गेम तीनदा जिंकले होते. दरी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

पुढे त्याला नादच लागला. गेम संपला की लगेच फोन. डोंगर चढायचा एक गेम त्याने दीड महिना खेळला, आणि शिखरावर पोचल्यावर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, असं मामीने सांगितलं. मला मात्र फोनवर म्हणाला, "वरचं गवत वाऱ्याच्या आधी हलतं. तेवढं चुकलान." गेम संपल्यावर पडद्यावर तो करणाऱ्यांची नावं सरकत जातात, ती मी कधीच पाहत नाही. मामाला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, पण शेवटचं नाव जाईपर्यंत तो हलायचा नाही. "एवढ्या माणसांनी राबून केलंय. उठून कसं जायचं?" होडीवरच्या प्रत्येक खलाशाचा वाटा मानणारा माणूस तो, त्याला ते शोभून दिसायचं. मला आपली शरम वाटायची.

मग मी त्याला समुद्राचा गेम दिला. साधीच गोष्ट आहे. एका म्हाताऱ्या नावाड्याला होडीतून त्याच्या लेकीच्या बेटावर पोचवायचं. बंदरातून निघताना पाऊस लागतो, अर्ध्या वाटेत वादळ येतं आणि म्हातारा लाटेबरोबर जातो. पुढचा प्रवास एकट्याने करायचा. मी दोन बैठकींत संपवला, रडले आणि इथेच लिहिलं की हा मृत्यू टळत नाही, तीच या गेमची ताकद आहे.

शिमग्याच्या सुट्टीत हर्णेला गेले तर मामा अजून गेममधल्या बंदरातच. आठ दिवस रोज संध्याकाळी तासभर यंत्र चालू करायचं, होडी धक्क्याला बांधलेली ठेवायची आणि पडद्यावरचा पाऊस बघत बसायचं. बाहेर फाल्गुनातलं कडकडीत ऊन!

"मामा, निघ की."

"पावसात दर्यात होडी घालतात काय गो? ह्यांची नारळी पौर्णिमा होऊं दे."

मी पोट धरून हसले. "गेममध्ये कसली नारळी पौर्णिमा? तू निघाल्याशिवाय हा पाऊस थांबणारच नाही."

"तू थांबून बघितलंस काय?"

नव्हतं बघितलं. कुणीच बघितलं नसणार, कारण गेम म्हणजे पुढे जाणं, असं आम्ही सगळे धरून चालतो. तरी मी त्याच्या शेजारी बसले, थोडी त्याची कीव करत. मुक्कामाच्या तिसऱ्या संध्याकाळी पावसाचा आवाज बदलला. मला नाही, मामाला कळलं. तो पुढे सरकला. सरी विरळ झाल्या, ढग फाटले, धक्क्यावर माणसं आली... आणि एका बाईने पाण्यात पांढरी फुलं सोडली. माझ्या अंगावर काटा आला. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात बसून कुणीतरी हा विचार केला होता की एखादा माणूस थांबेलसुद्धा. त्याच्यासाठी आख्खा ऋतू करून ठेवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं!

मामाने होडी सोडली. समुद्र शांत होता, वादळ आलंच नाही. म्हातारा पलीकडच्या बेटावर उतरला, लेक धावत आली. मी टाळ्या वाजवल्या. मामा पडद्याकडे बघत म्हणाला, "पौर्णिमेला सहा दिवस होते. भिकू नको म्हणत होता."

भिकू म्हणजे माझा धाकटा मामा. भिंतीवरच्या फोटोपुरताच मला माहीत असलेला. तो वादळात गेला एवढंच घरात सांगत. होडी कुणी लोटली आणि कधी, हे कुणी बोललं नव्हतं. दारात मामी उभी होती, ती येऊन मामाशेजारी बसली. मला रडू आवरेना, आणि मामाच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

त्यानंतर त्याने दुसरा गेम मागितला नाही. संध्याकाळी यंत्र चालू करायचा, बेटावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला बघायचा, "बरा हाय" म्हणायचा आणि बंद करायचा. माझं लिहिणं चुकलं होतं हे इथे कबूल करते. तो मृत्यू टळतो. मला घाई होती, एवढंच.

बाराव्याला हर्णेला मी यंत्र परत न्यायला काढलं, तर मामी म्हणाली, "ऱ्हाऊं दे. चालू कसं करायचं तेवढं दाखव." दाखवलं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज घाबरा होता. आदल्या दिवसापासून गावात लाइट नव्हती. मी विचारलं, पाणी आहे ना, औषधं आहेत ना?

"माझं ऱ्हाऊं दे गो," मामी म्हणाली. "तो म्हातारा तिथं सुखरूप असेल ना?"

"आहे, मामी," मी म्हटलं. "मामाने पोचवलाय त्याला."