बा मेननच्या तोंडून बोलला

भूतबीत मी मानत नाही. आमच्या कोळीवाड्यातला पहिला बी.ए. मी, मास्तरांनी पदरमोड करून शिकवलं, ते असलं काही लिहायला नव्हे. तरीही लिहितोय...

साठच्या दशकाची सुरुवात. काशीदजवळ तीन विद्यापीठांनी मिळून एक संशोधन केंद्र काढलं होतं. मासे आणि माणसांची बोली यांचा एकत्र अभ्यास, सगळं काम इंग्रजी आणि मराठीत. मासे मेननकडे, बोली माझ्याकडे. मेनन मद्रासचा. त्याचं इंग्रजी ऐकून संचालकसाहेब खूश व्हायचे, आणि मी जळायचो. एकच समाधान होतं – त्याला मराठीचा शब्द येत नव्हता. ती तरी माझी!

एका दुपारी माशांची नावं सांगायला माझी आई आली. मेनन मासा उचलून धरी, मी विचारी, आई नाव सांगे. मध्येच मेनन थांबला. आईकडे बघून म्हणाला, "जानके, माजा पाग कुनाला दिलास?"

पाग म्हणजे फेकायचं जाळं. आवाज मेननचाच... पण ढब माझ्या बाची. बा मी शाळेत असताना समुद्रात गेला, तो परत आला नाही.

आई घाबरली नाही. फणकारली, "भावाला दिला. कुजत पडला व्हता! तुमी येनार व्हतात का न्यायला?"

"बरं केलंस. वापरात ऱ्हाऊ दे."

मी शेजारीच उभा होतो. वाटलं, आता माझ्याकडे बघेल, पोरगा शिकला म्हणेल... त्याने नजरसुद्धा वळवली नाही. पुढचा मासा उचलून मेनन म्हणाला, "नेक्स्ट स्पेसिमेन, प्लीज."

नंतर विचारलं तर त्याला काहीच आठवेना. मी थट्टा करतोय असं वाटलं त्याला. पाग मामाला दिल्याचं तर मलाही ठाऊक नव्हतं!

भीती मला वाटलीच नाही. हेवा वाटला. आई सुकट घेऊन यायची तेव्हा आधी विचारायची, "त्यो मद्राशी जेवला का रं?"

शेवटी एकदा न राहवून मी म्हणालो, "आये, बा माज्या तोंडून का न्हाय बोलला?"

सुकट निवडता निवडता ती म्हणाली, "तू त्याला बोलू दिलं असतंस व्हय?"

याला स्पष्टीकरण म्हणत नाहीत, एवढं मला कळतं. दुसरं मात्र आजवर मिळालेलं नाही.