आमचा टोल स्टेजवर टांगला तेव्हा

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा लातूरच्या मंगल कार्यालयात ठेवला, तिथंच माझं डोकं फिरलं. शाळा रेणापूरकडं आमच्या गावात, अन् तिच्या आठवणी लातुरात, एसीत बसून. कामून? तर गावात गाड्या लावायला जागा नाही म्हणे.

स्टेजवर जो तो ‘आपली शाळा अशी होती’ म्हणायला लागला. होती कशी? आहे! पट कमी झालाय, जूनपासून पोरं शेजारच्या गावच्या शाळेत हलवायचं घाटतंय. पण आज ती भरते. मला एवढंच हवं होतं की मेळाव्यानं ठराव करावा: शाळा हलवायची नाही. त्याची पत्रकंही छापून आणली होती.

मग पडदा सरकला. झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या लोखंडी चौकटीला रेल्वे रुळाचा तुकडा टांगलेला. आमचा टोल! शाळेपुढच्या लिंबाचा. सळईनं ठोकला की शिवारापर्यंत ऐकू जातो.

मेळावा भरवणारा माझ्याच वर्गातला, आता प्लॉटिंगच्या धंद्यात. त्याला बाजूला घेतलं.

“हा कुणाला विचारून आणलास?”

“विचारायचं काय त्यात? जीपमधी टाकला की आला. फील यायला पायजे का न्हाई गड्या?”

“अन् उद्या सोमवार हाय, त्याचं काय?”

“तिथं हाय कोण ऐकायला? बाईंला भेट द्यायलाव आपण. तू तुझी पत्रकं वाट.”

बाई म्हणजे आमच्या चौथीच्या बाई. रिटायर होऊन नांदेडला राहतात, सकाळी एसटीनं आल्या होत्या. त्यांना शाल घातली, हातात सळई दिली. सगळे पोरांसारखे रांगेत उभे, मोबाईल वर धरून.

बाईंनी सळई उचलली अन् थांबल्या.

“हा शाळेतला ना?”

“हाव बाई!” मेळावा भरवणारा पुढं झाला. “आता तुमचाच. नांदेडला न्या, आठवण म्हणून.”

“मग उद्या पोरांना कसं कळायचं, शाळा भरली म्हणून?”

हॉल खो खो हसला. बाई चेष्टा करतात असं वाटलं लोकांना. त्या हसल्या नाहीत.

“तुझी पोरगी कोणत्या शाळेत आहे रे?”

“लातुरात, बाई. इंग्लिश मीडियम.”

“बरं. खाली बस.”

पस्तिशीचा माणूस खरंच खाली बसला. मी माईक ओढला, ठरावाचं बोलायला लागलो, तर मागून कुणीतरी ओरडलं, “जेवण गार व्हायलंय!” अर्धा हॉल पंगतीकडं पळाला.

बाई जेवल्या नाहीत. “टोल जागेवर गेल्याशिवाय मी नांदेडच्या गाडीत बसणार नाही,” म्हणाल्या. मग त्याच जीपमध्ये टोल, बाई, मी, अन् तोंड पाडून गाडी चालवणारा तो. गावात जाऊन लिंबाला टोल बांधला. मी म्हणलं, “बाई, एक ठोका तर द्या.”

“आज रविवार आहे,” बाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी टोल झाला. मी ऐकला. पण ठराव झालेला नाही, अन् जून जवळ आलाय. ग्रुपवर अजून फोटो पडायलेत: फेटे, शाली, झेंडूतला टोल. त्या प्रत्येक फोटोखाली मी विचारतो, ठरावावर सही कोण करणार? निळ्या खुणा तेवढ्या येतात. काल ॲडमिननं, म्हणजे त्या जीपवाल्यानंच, समज दिली: “दादा, शाळेच्या ग्रुपवर राजकारण नको.”

म्हणून आता सह्यांसाठी घरोघरी जायलोय. पहिलं घर त्याचंच.