पलंगाखालचा विस्तव

घरात शिरला की तो आधी कुणाला नमस्कार करायचा नाही. सरळ ओट्यापाशी जायचा, गॅसची शेगडी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायचा, तिच्या खालच्या जागेवरून बोट फिरवायचा आणि ते काळं, चिकट बोट घरच्या बाईच्या नाकासमोर धरायचा.

"वास घ्या," म्हणायचा. "घ्या ना. तुमचंच हाय."

असा माणूस कुणाला आवडेल, तुम्हीच सांगा.

आमची सोसायटी पाथर्डी फाट्याजवळ, चोवीस घरांची. मी तिची सचिव. मला कामं वेळच्या वेळी लागतात. पाण्याची टाकी, लिफ्ट, जिन्यातले दिवे, प्रत्येकाला माझ्या रजिस्टरात एक पान आहे. दिवाळी संपून नाशिकची थंडी पडायला लागली की घरोघरचा गॅस तपासून घ्यायचा असं मी ठरवलं, आणि त्यासाठी या मिस्तरीला बोलावलं. मूळचा नामपूरचा, साठीला आलेला. रस्त्याकडेला निंबाखाली पोतं टाकून बसायचा आणि शेगड्या दुरुस्त करायचा.

त्याच्यातही दोष होते. गालात कायम तंबाखू. हात पुसायला ज्याच्या त्याच्या ओट्यावरचा नॅपकिन. चपला काढायला दर घरी नव्याने सांगावं लागे. पहिल्या वर्षी मीच त्याच्याबद्दलच्या दोन तक्रारी नोंदवून ठेवल्या होत्या, त्यातली एक माझी.

पण त्याच्यामागून यादी घेऊन फिरताना मी जी स्वयंपाकघरं पाहिली, त्यांची मला जास्त किळस आली. हॉलमध्ये काचेचं कपाट, त्यात न वापरलेले कप. आणि आत ओट्याखाली सिलिंडरला टेकून कांद्याच्या सालींची पिशवी, झुरळांची अंडी, तेलाचे ओघळ वाळून पिवळा पडलेला पाइप. एका घरी तो पाइप दिसायला बरा दिसत नाही म्हणून त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलेलं. मिस्तरीने ते कातडं सोलल्यासारखं खाली ओढलं. आतला पाइप उंदराने कुरतडलेला.

"बघा, उंदरालाबी डिझाइन आवडलं," तो म्हणाला.

दुसऱ्या घरी सिलिंडरच्या बरोबर वर देवघर, आणि समई तेवत असलेली. "इथं काही झालं तर आधी देवच उडेल, ताई. तो तुम्हाला कधी वाचवणार?" त्या बाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या घरी एक निवृत्त साहेब अभिमानाने म्हणाले, गळती मी स्वतः काडी ओढून तपासतो. मिस्तरीने त्यांच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. मग त्यांच्याच भांड्याच्या साबणाचा फेस पाइपच्या जोडावर लावून दाखवला. बुडबुडा फुगला की गळती. "काडी नाय लागत, साहेब. फुकटात कळतं."

आता दुसरी बाजू. चौथ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहायचे. दूध तापत ठेवायचे आणि खुर्चीत डुलकी लागायची. दूध उतू जायचं, ज्योत विझायची, गॅस चालूच. मिस्तरीने त्यांना एक युक्ती शिकवली. दूध ठेवलं की चमचा हातात घ्यायचा, आणि चमचा हातात आहे तोवर ओट्यासमोरून हलायचं नाही. एकदा मी वर गेले तर दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांच्या हातात चमचे, दूध वर यायची वाट बघत कांद्याच्या भावावर बोलत होते. त्या दिवशी तपासणी नव्हती. तो आपला सहज आला होता.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी बाळंतपणाला आली. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर त्यांनी मुलांना विज्ञान शिकवलं, हे मुद्दाम सांगते. आम्ही त्यांच्या घरी तपासणीला गेलो, तर मिस्तरी ओट्याकडे गेलाच नाही. हॉलमध्ये थांबला. मान वर करून वास घेतला.

"काहीतरी वितळतंय."

"ओवा टाकलाय शेगडीत," काकू म्हणाल्या. "बाळंतिणीला शेक चालू आहे."

"ओवा मला कळतो, आजीबाई."

आणि तो चालत थेट आतल्या खोलीत गेला. मी मागोमाग. खिडक्या बंद, फटींना कापड कोंबलेलं. बाळंतीण पलंगावर, कुशीत अकरा दिवसांचं बाळ. पलंग लोखंडी, घडीचा, नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेला. त्यावर फोमची गादी. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी चादरी खाली सोडलेल्या, आणि खाली रसरसलेल्या कोळशांची शेगडी. आपल्याकडे बाजेखाली शेक देतात, ते खरंच आहे. पण ती बाज असायची सुंभाची, उंच, आणि घराला कौलं. काकूंनी बाज बदलली, घर बदललं, शेगडी तेवढी तशीच ठेवली.

मिस्तरीने चादर वर केली आणि गुडघ्यावर बसून मला बोलावलं. मी वाकून पाहिलं. मधली एक पट्टी चमकत होती, खाली झोळ पडला होता, आणि तिच्यातून केसासारखा एक तंतू कोळशाच्या दिशेने लोंबत होता.

"हाई काय शे?" तो ओरडला. रागावला की त्याची बागलाणी बोली बाहेर यायची. "हे काय हाय, बाई? पोरगी भाजता का पापड?"

त्याने दोन सांडशींनी शेगडी उचलली, बाल्कनीत नेऊन ठेवली, खिडकी उघडली. मुलगी ओढणी सावरत रडायला लागली. बाळही. काकू दारात उभ्या राहून थरथरत होत्या, पण पट्टीमुळे नव्हे.

"बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष! तोही चपला घालून!"

मी खाली पाहिलं. चपला होत्या खऱ्या.

दोनच दिवसांत पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून कमिटीची सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, "आज खोलीत शिरला, उद्या कपाट उघडेल." ज्या ज्या घरात त्याने बोट दाखवलं होतं, ते ते घर त्या दिवशी बोललं. पाइपचं कव्हर, देवघर, काड्यापेटी, सगळ्याचा सूड निघाला. काड्यापेटीवाले साहेब तर चोरी हा शब्द वापरून मोकळे झाले. इतिवृत्त मी लिहिलं. विनापरवानगी प्रवेश, पायात चपला, उद्धट भाषा, सबब सदर इसमास सोसायटीत येऊ देऊ नये. नायलॉनची पट्टी मी लिहिली नाही. कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सभा लवकर आटपायची होती, एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. वॉचमनला देण्याचं पत्र मीच टाइप केलं आणि मीच सही केली.

शेगडी तपासणीच्याच संध्याकाळी परत पलंगाखाली गेली होती.

आठवड्याने सकाळी मालिशवाली बाळाला अंघोळ घालत होती म्हणून बाळ वाचलं. पट्ट्या सुटल्या, गादी बाळंतिणीसकट खाली कोळशांवर बसली. मी ओरडा ऐकून बादली घेऊन वर धावले. फोमचा तो धूर ज्याने घशात घेतलाय त्यालाच कळेल. दिवसभर काळं थुंकत होते. मुलीच्या पोटरीपासून टाचेपर्यंतची कातडी गेली. बाळंतीण महिनाभर हॉस्पिटलात पालथी पडून, आणि बाळ घरी बाटलीवर.

काकू भेटायला येणाऱ्यांना काय सांगायच्या, ऐका. "त्या गॅसवाल्याची दृष्ट लागली हो." लोक माना डोलवायचे. मी तिथे चहाचा कप हातात घेऊन बसले होते.

मी निंबाखाली गेले. मिस्तरी पिनेने बर्नरची भोकं मोकळी करत होता. सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न, "बाळाला धूर लागला का?"

"नाही."

"पोरीला चालता येईल ना?"

"येईल म्हणतात."

त्याने पीन पुढच्या भोकात घातली. मग म्हणाला, "आता नायलॉनला पत्र द्या. सोसायटीत येऊ नको म्हणावं."

मी परत यायची विनंती केली. पत्र मागे घेते म्हटलं.

"पत्राचं काय, ताई. चपलांचं लिहिलं, लिहा. घातल्या होत्या मी. पण तुम्ही वाकून पाहिलं होतं. ते लिहा तुमच्या वहीत, मग येतो. माझी नात विचारते, बाबा, तुम्ही कुणाच्या घरात घुसले होते?"

हे मागणं अवघड नव्हतं. एक वाक्य. मी ते पुढच्या सभेत मांडलं. अध्यक्ष म्हणाले, इतिवृत्त एकदा मंजूर झालं की झालं. काकूंचे यजमान म्हणाले, आमच्या घरावर आधीच काय कमी आलंय? काड्यापेटीवाले साहेब म्हणाले, मॅडम, आता नवीन तपासणीवाला बघा, जरा सभ्य. वाक्य नको, यावर सगळ्यांनी हात वर केले. एवढी एकी मी आमच्या सोसायटीत लिफ्टसाठीही पाहिली नव्हती.

सभ्य माणूस मिळाला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. एका घराला दोन मिनिटं. शेगडीला हात न लावता सही घेतो आणि थँक्यू म्हणतो. चोवीसही घरं त्याच्यावर खूश आहेत.

शेवटी मी कुणालाच विचारलं नाही. मंजूर पानाच्या समासात, माझ्या हाताने, ते वाक्य लिहिलं, खाली सही केली, आणि रजिस्टर पिशवीत घालून निंबाकडे गेले. पोतं नव्हतं. शेजारी किल्ल्या बनवणारा बसतो, त्याने सांगितलं, मिस्तरी गावाकडे गेला, कायमचाच. फोन लागत नाही. कधी त्याच्याकडून आला तर येतो.

"काही निरोप असंल तर सांगा," तो म्हणाला. "आला फोन तर सांगंन."

मी रजिस्टर उघडलं आणि भर रस्त्यात, रिक्षांच्या आवाजात, त्याला वाचून दाखवलं. एकदा नीट ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा, मोठ्याने.

"पलंगाची पट्टी वितळत असल्याचे मिस्तरींनी दाखविले व सचिवांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते."