देवाजीचा होकार

माझा भाऊ देवाजी याने आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. लोक याला त्याचा चांगुलपणा म्हणतात. मी म्हणत नाही. त्याची सख्खी धाकटी बहीण आहे, मला तेवढा हक्क आहे.

गांधीबागेतल्या एका दुकानात त्याने एकतीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवल्या. पाठीमागच्या कपाटात न बघता हात घालायचा आणि हवी ती साडी बरोबर काढायचा. एखादी बाई घुटमळली की उठून पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा, आणि एवढ्या मोठ्या मिशांचा देवाजी मान वळवून आरशासमोर उभा राहायचा. बायका हसायच्या आणि साडी घ्यायच्या. गिऱ्हाईक हिरव्याला निळं म्हणालं तरी याचं ठरलेलं, "हो ताई, निळाच आहे." समोरच्याचं बोलणं खोडायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की दुकान बंद झाल्यावरही ते सुटत नसे. वहिनी गेल्यावर महाल भागातल्या दोन खोल्यांत तो एकटाच राहायचा. त्याला खोदून विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

मागच्या दिवाळीचा सीझन संपला आणि त्याची मान दुखायला लागली. मग थकवा. जिना चढताना मध्येच उभा राहायचा. जेवण कमी झालं, शर्टाची कॉलर सैल पडली. रविवारी मी हुडकेश्वरहून डबा घेऊन जायची, तेव्हा विचारायची, डॉक्टरकडे गेला होतास का?

"गेलो होतो वं. मणका झिजला म्हणे. पट्टा देला."

पुढच्या महिन्यात दुसरे डॉक्टर झाले. "गॅसचं हाये म्हणे." तिसऱ्याने टेन्शन सांगितलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. मलाही वाटलं, एवढ्या जणांनी बघितलं, काही असतं तर सापडलं असतंच की. आज हे लिहिताना माझी मलाच चीड येते.

मे महिन्यात चौथ्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले. बाहेर माणसं ताटकळत बसली होती आणि डॉक्टर घाईत होते.

"दिवसभर मान खाली घालून काम असेल?"

"हो साहेब."

"काम केलं की दुखणं वाढतं ना?"

"हो साहेब."

"आराम केला की बरं वाटतं?"

"हो साहेब, एकदम."

एकदम! आठवडाभर तो दुकानात गेला नव्हता. घरी पडून कण्हत होता, शेजारणीने मला फोन केला म्हणून तर मी धावत आले होते. डॉक्टर समाधानाने चिठ्ठी लिहायला लागले. देवाजीच्या चेहऱ्यावरही गिऱ्हाईक खूश होऊन निघाल्यासारखं समाधान होतं. मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली.

बाहेर आल्या आल्या मी त्याला धरलं. "आराम केला तं बरं वाटते? काहून खोटं बोलला गा, भाऊ?"

"डॉक्टरसाहेब एवढे शिकेल हायेत. त्याइच्या तोंडावर नाही कसं म्हणू, चारू?"

"मंग खरं काय हाये?"

तो चहाच्या टपरीच्या बाकावर बसला. माझ्याकडे बघायला त्याने अख्खं अंग वळवलं, कारण मान वळतच नव्हती. "पडलो का जास्तच दुखते," तो खाली बघून म्हणाला. "संध्याकाळी अंगात ताप राह्यते. अन् डाव्या हातातून साडी सुटून जाते."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने."

चार डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, आणि प्रत्येकाला याने त्याचंच म्हणणं घडी घालून परत दिलं होतं. भर रस्त्यात मला रडू फुटलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "हो वं, चुकलंच माझं." तिथेही होच.

दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. जाताना रिक्षात लहान पोराला शिकवावं तसं शिकवलं. "जे नाही ते नाही म्हणजो. म्हणून दाखव."

"नाही," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

डॉक्टर चिन्मयी वयाने माझ्या मुलीएवढी असेल. तिने विचारलं, "काका, बसून काम करता का?" आणि याचं सुरू झालं, "हो मॅडम." मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, याच्या 'हो'वर जाऊ नका. हा साड्या विकते." उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा मी सोडला आणि त्याच्या हातात दिला. "भाऊ, पदर टाकून दाखव यायले."

एकतीस वर्षांची सवय. उजवा हात झोकात निघाला. डावा मात्र छातीपर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला. दुपट्टा खाली पडला. डॉक्टरने पेन ठेवलं, उठून आली आणि त्याच्या मानेवर, पाठीवर कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. हाडांच्या आतल्या मज्जेचा कॅन्सर. मानेचा मणका आतून पोखरला गेला होता. मी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाली, "ताई, हातात जास्त वेळ असता. आता जेवढं होईल तेवढं करू."

त्यांनी केलंही. पण आषाढात त्याला न्यूमोनिया झाला आणि तो मग उठलाच नाही. शेवटच्या दुपारी मी त्याच्या खाटेजवळ बसले होते. सिस्टरने विचारलं, बरं आहे ना काका? "हो," तो म्हणाला. ती गेली. त्याने चादरीचा कोपरा मुठीत इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"भाऊ," मी विचारलं, "लय दुखून राहिलं का?"

त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मूठ सोडली, आणि हात चादरीवर सरळ ठेवला.

"नाही वं," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे दुसरं 'नाही'. पहिलं मीच रिक्षात म्हणवून घेतलं होतं. सकाळी तो गेला.